सांडपाणी जाते कुठे?



आज सकाळी उठल्यापासून तुम्ही किती पाणी वापरले, ते जरा आठवून पाहा. तुम्ही तोंड धुतले, आंघोळ केली. घरात भांडी घासली गेली, कपडे धुतले गेले. हे पाणी कुठून आले, असे विचारले तर तुम्ही लगेच उत्तर द्याल. कोणी नळाचे नाव सांगेल, कोणी विहिरीचे, कोणी हातपंपाचे. आता दुसरा प्रश्न. वापरून झाल्यावर हे पाणी कुठे गेले? पुष्कळजण म्हणतील, "मोरीतून बाहेर गेले." पण बाहेर म्हणजे नेमके कुठे? या पाठात आपण याच प्रश्नाचे उत्तर शोधणार आहोत.

वापरून झालेल्या आणि सांडून दिलेल्या पाण्याला सांडपाणी म्हणतात. पूर्वी खेड्यात सांडपाणी फारसे नसे. घरातल्या बायका डोक्यावर हंडे घेऊन विहिरीवरून पाणी आणत. जे पाणी इतक्या कष्टाने आणायचे, ते जपूनच वापरले जाई. न्हाणीचे पाणी परसातल्या केळीला आणि अळूला मिळे. तेवढे पाणी जमीन सहज पिऊन टाकी.

आता दिवस पालटले आहेत. 2019 साली देशात जलजीवन मिशन सुरू झाले. खेड्यातल्या प्रत्येक घरी नळ द्यावा आणि माणशी रोज निदान 55 लीटर पाणी मिळावे, असे त्यात ठरले. घरात नळ येणे ही मोठी सोय आहे. आयाबहिणींची पायपीट त्यामुळे वाचते. पण घरात येणारे पाणी वाढले, की घराबाहेर जाणारे पाणीही वाढते. वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे 80 टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असा अंदाज अभियंते धरतात.

आपण एक हिशोब करून पाहू. घरात पाच माणसे आहेत. माणशी 55 लीटर म्हणजे त्या घराला रोज 275 लीटर पाणी लागते. त्याचे 80 टक्के म्हणजे 220 लीटर सांडपाणी झाले. आता एक हजार वस्तीचे गाव घ्या. त्या गावातून रोज 44,000 लीटर सांडपाणी निघेल. उन्हाळ्यात पाण्याचे टँकर येतात, ते तुम्ही पाहिले असतील. दहा हजार लीटरचे चार टँकर रोज गल्लीत रिकामे केले, तर काय होईल? गावात नळ येतात, पण सांडपाण्याची सोय होत नाही, तेव्हा जवळजवळ असेच घडते.

मग हे पाणी घरासमोर साचते. रस्त्यावर चिखल होतो. लहान मुले त्यातूनच शाळेत जातात. कोंबड्या, कुत्री, डुकरे त्यात लोळतात. पाण्यातले खरकटे कुजते आणि घाण वास सुटतो. एकाच्या मोरीचे पाणी दुसऱ्याच्या दारात गेले, की भांडणे होतात. अशी भांडणे तुमच्याही कानांवर आली असतील.

साचलेल्या पाण्याचा सर्वांत जास्त आनंद होतो तो डासांना. क्युलेक्स नावाचा डास घाण पाण्यात अंडी घालतो. अंड्यातून अळी, अळीतून कोष आणि कोषातून डास, असा त्याचा प्रवास आठ-दहा दिवसांत पुरा होतो. म्हणजे आज साचलेले डबके पुढच्या आठवड्यात हजारो डास बाहेर सोडते. याच डासामुळे हत्तीपाय नावाचा रोग पसरतो. हत्तीपाय झालेल्या माणसाचा पाय सुजून जड होतो, आणि त्याला जन्मभर त्रास सोसावा लागतो.

पण याहून मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. डबक्यातले आणि गटारातले पाणी जमिनीत मुरते. ते जवळच्या विहिरीत उतरू शकते. फुटलेल्या नळातूनही ते आत शिरते. मग आपण जे पाणी घराबाहेर घालवले, तेच पिण्याच्या पाण्यात मिसळून पुन्हा घरात येते. कॉलरा, विषमज्वर, कावीळ, हगवण हे रोग अशाच पाण्यातून पसरतात.

ही गोष्ट जगाला कशी समजली, ते ऐकण्यासारखे आहे. 1854 साली लंडन शहरात कॉलऱ्याची मोठी साथ आली. ब्रॉड स्ट्रीट नावाच्या रस्त्याच्या आसपास 600हून अधिक माणसे दगावली. घाण वासाच्या हवेमुळे कॉलरा होतो, असे त्या काळी बहुतेक लोक मानत. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरांना हे पटत नव्हते. ते घरोघर फिरले. कोणाच्या घरी माणसे गेली आणि ते कुठले पाणी पीत होते, हे त्यांनी विचारले. बहुतेकांनी ब्रॉड स्ट्रीटवरच्या एकाच हातपंपाचे पाणी प्यायले होते. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला.

पुढे तिथे खोदून पाहिले, तेव्हा खरा प्रकार उघड झाला. पंपाच्या विहिरीपासून अवघ्या तीन फुटांच्या आसपास एका घराची मैल्याची टाकी होती. तिच्या विटा ढिल्या झाल्या होत्या. त्या घरातल्या एका तान्ह्या मुलीला जुलाब झाले होते. तिच्या आईने मुलीचे लंगोट धुऊन ते पाणी त्या टाकीत ओतले होते. टाकीतले पाणी झिरपत विहिरीत गेले आणि साऱ्या वस्तीने ते प्यायले. त्या आईचा यात काय दोष? ते पाणी पुढे कुठे जाते, हे तिला ठाऊकच नव्हते. आपल्याला मात्र आता ते ठाऊक आहे. म्हणून आपली जबाबदारी वाढली आहे.

मग सांडपाण्याचे करायचे तरी काय? मोठ्या शहरांत जमिनीखालून गटारे नेतात आणि यंत्रे बसवून पाणी शुद्ध करतात. लहान गावाला एवढा खर्च झेपत नाही. तो करण्याची गरजही नाही. गावाजवळ एक स्वस्त आणि चांगले यंत्र असते. ते म्हणजे जमीन!

माती पाणी कशी स्वच्छ करते, ते नीट समजून घ्या. ती तीन कामे करते. पहिले काम गाळण्याचे. माती आणि वाळूच्या कणांमधून पाणी हळूहळू जाते, तेव्हा घाणीचे कण मागे अडकतात. दुसरे काम धरून ठेवण्याचे. मातीचे बारीक कण पाण्यातली काही द्रव्ये आणि पुष्कळसे रोगजंतू आपल्याला चिकटवून घेतात. तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे. मातीत असंख्य सूक्ष्म जीव राहतात. पाण्यातली घाण हेच त्यांचे अन्न. ते ती खातात आणि तिचे साध्या, निरुपद्रवी पदार्थांत रूपांतर करतात. या जीवांना काम करायला हवा लागते. डबक्यातल्या पाण्यात हवा पोचत नाही. तिथे हवेशिवाय जगणारे दुसरे जीव वाढतात आणि सडलेल्या अंड्यासारखा वास येतो. म्हणून सांडपाणी एका जागी साचू देऊ नये. ते थोडेथोडे जमिनीला पाजावे.

जमिनीला पाणी पाजण्याची सोपी रीत म्हणजे शोषखड्डा. नावातच त्याचा अर्थ आहे. पाणी शोषून घेणारा खड्डा तो शोषखड्डा.

नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी नावाचे एक लहान गाव आहे. इतर खेड्यांसारखीच तिथेही उघडी गटारे आणि डबकी होती. मग गावकऱ्यांनी गटारे बांधण्याऐवजी घरोघरी शोषखड्डे केले. प्रत्येक घराचे पाणी त्याच घराच्या अंगणात मुरू लागले. तेव्हा गटारे कोरडी पडली आणि डास खूप कमी झाले. 2010 ते 2020 या दशकात हा प्रयोग नांदेड जिल्ह्यातल्या इतर गावांनीही उचलला. अशा खड्ड्यांसाठी रोजगार हमी योजनेतून मदत मिळू लागली. लोक या रीतीला 'नांदेड पॅटर्न' म्हणू लागले. मोठे यंत्र नाही, मोठा कारखाना नाही. सगळ्या घरांनी मिळून एकच साधी गोष्ट केली, म्हणून हे साधले. गावातल्या दहा घरांनीच खड्डे केले असते, तर बाकीच्या घरांच्या पाण्यात डास वाढतच राहिले असते.

हा शोषखड्डा कसा करतात? घराच्या भिंतीपासून थोडा दूर, चार फूट लांब, चार फूट रुंद आणि चार फूट खोल खड्डा खणतात. त्याच्या मधोमध सिमेंटची एक लहान टाकी ठेवतात. टाकीच्या वरच्या भागात चारी बाजूंना भोके असतात. टाकी आणि खड्डा यांच्यामधली जागा दगडांनी भरतात. खाली मोठे दगड आणि वर लहान, असा क्रम ठेवतात. मोरीचे पाणी नळीने टाकीत सोडतात. टाकीवर झाकण बसवतात. वरून सगळे झाकले, की खड्डा कुठे आहे हे चटकन कळतही नाही.

आता आत काय घडते ते पाहा. पाणी टाकीत आले, की त्यातली माती, राख आणि जड कण तळाशी बसतात. वरचे निवळलेले पाणी भोकांतून बाहेर पडते. ते दगडांमधून वाट काढत चारी बाजूंच्या जमिनीत मुरते. गाळ टाकीतच राहतो, म्हणून दगडांमधल्या फटी लवकर बुजत नाहीत. पूर्वी नुसते दगड-विटा भरून शोषखड्डे करत. ते काही महिन्यांत गाळाने आणि साबणाच्या साक्याने भरून जात. मग लोक म्हणत, "शोषखड्डा चालत नाही." चूक खड्ड्याची नव्हती. गाळ अडवण्याची सोयच त्यात नव्हती.

खड्डा केला म्हणजे काम संपले, असे समजू नका. मोरीच्या तोंडाशी जाळी हवी. खरकटे, भाताची शिते, चहाची पूड जाळीवर अडली पाहिजे. जाळी रोज साफ करावी. झाकण काढून टाकीतला गाळ दोन-तीन महिन्यांनी पाहावा आणि भरला असेल तर काढावा. झाकण मात्र नेहमी घट्ट असावे. ते उघडे राहिले तर डास आत शिरतील. लहान मूल आत पडण्याचेही भय असते.

शोषखड्डा कुठेही खणून चालत नाही. विहिरीपासून आणि हातपंपापासून तो निदान 15 मीटर, म्हणजे सुमारे 50 फूट दूर हवा. लंडनच्या त्या विहिरीची गोष्ट विसरू नका. पावसाळ्यात जमिनीखालचे पाणी वर येते. त्या पाण्याची पातळी खड्ड्याच्या तळापासून निदान दोन मीटर खाली असावी. नाहीतर माती पाणी गाळण्याआधीच ते विहिरीच्या पाण्यात मिसळेल.

जमीन कशी आहे, हेही पाहावे लागते. वाळूच्या जमिनीत पाणी झटकन जाते. काळ्या, चिकण जमिनीत ते हळू मुरते. महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी काळ्या मातीखाली मुरूम असतो. खड्डा मुरमापर्यंत नेला, तर पाणी मुरू लागते. पण खाली भेगांचा खडक असेल, तर पाणी न गाळताच दूर वाहत जाते. अशा ठिकाणी विहिरीपासूनचे अंतर आणखी वाढवावे.

तुम्ही स्वतः एक प्रयोग करू शकता. मोठ्या माणसांना विचारून अंगणात एक फूट खोल लहानसा खड्डा खणा. त्यात पाणी ओता आणि ते मुरू द्या. पुन्हा तो पाण्याने भरा. आता घड्याळ पाहा. अर्ध्या तासात पाणी किती खाली गेले, ते पट्टीने मोजा. पाणी भराभर खाली गेले, तर तुमची जमीन पाणी पिणारी आहे. ते जवळजवळ तिथेच राहिले, तर तुमच्या अंगणात शोषखड्ड्यापेक्षा दुसरा उपाय बरा.

तो दुसरा उपाय आपल्या आजीला ठाऊक होता. तो म्हणजे परसबाग. न्हाणीचे आणि मोरीचे पाणी गाळून झाडांना द्यावे. केळी, अळू, कर्दळ, नारळ ही झाडे असे पाणी आवडीने पितात. एक काळजी मात्र घ्यावी. कोथिंबीर, मुळा, गाजर अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना हे पाणी देऊ नये. काही पाणी तर अगदी थोडेच वापरलेले असते. मशिदीतल्या वुजूच्या पाण्यात खरकटे नसते आणि साबणही नसतो. शाळेत हात धुण्याच्या नळाखालचे पाणीही बरेचसे स्वच्छ असते. ते नळीने जवळच्या झाडांकडे वळवले, तर उन्हाळ्यातही झाडे हिरवी राहतील.

आतापर्यंत आपण मोरीच्या पाण्याविषयी बोललो. संडासाचे पाणी वेगळे. त्यात रोगजंतू फार असतात. म्हणून ही दोन पाणी कधीही एकत्र करू नयेत. संडासासाठी दोन खड्ड्यांची रीत चांगली. दोन खड्डे शेजारी खणतात आणि एका वेळी एकच वापरतात. तो काही वर्षांनी भरला, की वाट बंद करून मैला दुसऱ्या खड्ड्यात सोडतात. पहिला खड्डा निदान दीड-दोन वर्षे झाकून ठेवतात. तेवढ्या काळात मैल्याचे कोरडे, वास नसलेले खत होते. ते शेतात घालता येते.

कित्येक घरांत संडासाला बंद टाकी असते. तिला सेप्टिक टँक म्हणतात. टाकीतून बाहेर येणारे पाणी दिसायला निवळ असते, पण ते शुद्ध नसते. ते उघड्या गटारात सोडणे धोक्याचे आहे. तेही जमिनीत मुरवायला हवे. आणि एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. अशा टाकीत कोणीही कधी उतरू नये. आत विषारी वायू साठलेला असतो. तो क्षणात माणसाला बेशुद्ध करतो. एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघेही प्राणांस मुकतात. असे पुष्कळ मृत्यू आपल्या देशात झाले आहेत. 2013 साली झालेल्या कायद्याने हाताने मैला उपसण्याचे काम कोणालाही देण्यास बंदी केली आहे. टाकी यंत्रानेच उपसायची असते. दुसऱ्या माणसाचा जीव धोक्यात घालून आपले घर स्वच्छ ठेवणे, याला स्वच्छता म्हणता येणार नाही.

काही गावांत घरे अगदी दाटीने असतात. अंगणात खड्ड्यापुरतीही जागा नसते. अशा वेळी सगळ्या घरांच्या मोऱ्यांचे पाणी झाकलेल्या गटाराने गावाबाहेर नेतात. तिथे एकापुढे एक अशी उथळ तळी करतात. पहिल्या तळ्यात गाळ खाली बसतो. पुढच्या तळ्यांत सूर्यप्रकाशाने शेवाळ वाढते. शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडते आणि त्या प्राणवायूवर जगणारे सूक्ष्म जीव घाण खाऊन टाकतात. दुसरी रीत वाफ्याची. खडी आणि वाळूच्या वाफ्यात कर्दळ किंवा पाणकणीस लावतात आणि त्यांच्या मुळांतून पाणी सावकाश जाऊ देतात. दोन्ही रीतींत काम ऊन, मुळे आणि सूक्ष्म जीव करतात. विजेचे बिल येत नाही. असे निवळलेले पाणी शेताला आणि झाडांना देता येते. ते पिण्याजोगे मात्र नसते.

2020 साली स्वच्छ भारत अभियानाचा दुसरा टप्पा सुरू झाला. त्यात गावांच्या सांडपाण्यासाठी पैसा ठेवण्यात आला. पण नुसत्या पैशाने गाव स्वच्छ होत नाही. संत गाडगेबाबा गावोगाव जात, तेव्हा आधी हातात खराटा घेऊन रस्ते झाडत आणि मग कीर्तन करत. लोकांना त्यांनी आधी कामातून शिकवले. शोषखड्डा सरकारच्या पैशाने होईल, पण जाळीवरचे खरकटे रोज सकाळी घरातल्याच कोणीतरी काढायला हवे.

म्हणून मित्रांनो, आज घरी गेल्यावर एक काम करा. मोरीतून पाणी बाहेर पडते, त्या जागी जाऊन उभे राहा. तिथून पाण्यामागोमाग चालत जा. ते कोणाच्या दारातून जाते? कुठे साचते? सर्वांत जवळची विहीर किंवा हातपंप तिथून किती पावलांवर आहे? हे सगळे वहीत लिहून आणा आणि वर्गात वाचून दाखवा. सगळ्यांच्या वह्या एकत्र केल्या, तर तुमच्या गावाचा सांडपाण्याचा नकाशा तयार होईल. तो नकाशा शिक्षकांबरोबर ग्रामपंचायतीत घेऊन जा. कुठे शोषखड्डा हवा, कुठे परसबाग आणि कुठे झाकलेले गटार, हे तुम्ही सरपंचांना बोट ठेवून दाखवू शकाल.

लंडनच्या त्या आईला आपण ओतलेले पाणी कुठे जाते, हे कोणी सांगितले नव्हते. तुमच्या आईला तुम्ही सांगू शकता.